पोटचा खडा

आमच्या घरात ‘खडा’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा, हे निदान मला तरी सुचायला हवं होतं. सून म्हणून या घरात आल्यापासून माझ्या कानावर दुसरं काही पडलेलंच नाही. सासरे दागिन्यांत खडे बसवतात, नवरा खडे बसवतो आणि मी पुढच्या काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी बोलते. अंगठीतला खडा, कानातल्यातला खडा, पडलेला खडा, तडकलेला खडा. जेवताना दाताखाली खडा आला तर इतर लोक बायकोवर ओरडतात. आमचे सासरे तो ताटाच्या कडेला काढून आधी कुठल्या जातीचा आहे ते बघतात. बाकीच्यांच्या घरी या शब्दाचे अर्थ आपापल्या जागी गुपचूप बसत असतील. आमच्याकडे ते एकमेकांच्या पायात येतात.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते मला लसण्या म्हणतात. लसण्या हाही एक खडाच. त्यात पांढरी रेघ दिसते, आणि खडा फिरवला की रेघही फिरते. “तुझी नजर तशी आहे,” ते म्हणाले होते, “फिरत असते, काही सुटत नाही तिच्यातून.” नणंदेला ते पोवळं म्हणतात, कारण ती चटकन लाल होते. नवऱ्याला मात्र काहीच म्हणत नाहीत. का म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, “तो अजून कच्चा आहे. पैलू पडू देत, मग नाव ठेवू.” चाळिशी उलटलेल्या, डोक्यावरचे केस विरळ झालेल्या माणसाबद्दल हे बोलणं!

तर बाबांच्या कुशीत दुखायला लागलं. आधी ते कोणाला बोललेच नाहीत. मग एकदा लघवीतून रक्त गेलं तेव्हा त्यांनी मुलाला हळूच सांगितलं आणि तपासण्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी जा, रक्त द्या, पाणी पिऊन थांबा, मशीनखाली झोपा. बाबा कुरकुरत जायचे आणि परत येऊन थेट कामाला बसायचे. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीखाली बापलेकांची दोन टेबलं आहेत. टेबलाच्या पुढच्या कडेला चामड्याची झोळी लावलेली असते, खडा निसटला तर जमिनीवर न जाता तिच्यात पडावा म्हणून. बाबांच्या झोळीत पूर्वी काही पडत नसे. अलीकडे पडायला लागलं होतं. हात किंचित थरथरायचा. नवऱ्यानं त्यांच्याकडे साधी कामं द्यायला सुरुवात केली होती, आणि ते बाबांच्या लक्षात आलं होतं, आणि दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. पुरुषांचं सगळं असंच.

फक्त एका कामासाठी बाबा अडून बसले. शेजारच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहतात. नवरा गेल्यावर त्याच्या टायच्या पिनेतला निळा खडा त्यांनी आमच्याकडे आणला. अंगठीत बसवून द्या म्हणाल्या. “हा मी बसवणार,” बाबा म्हणाले. माझा नवरा नको नको म्हणत होता. खडा जुना, कडेला बारीक रेघ गेलेली, जरा जास्त दाब पडला तर दोन तुकडे. बाबांनी ऐकलं नाही. दार लावून घेतलं, बसवला, बाईंच्या बोटात स्वतः अंगठी घातली आणि त्या दिवशी दोन वेळचं जेवण एका वेळी जेवले. त्यांचं ते शेवटचं मोठं काम, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आणि मग सर्जननं आम्हा दोघांना बोलावलं, बाबांना बाहेर बसवून. मूत्रपिंडावर गाठ आहे म्हणाला. कसली ते काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, पण काढायलाच हवी, आणि लवकर. नवऱ्याकडे बघितलं तर तो टेबलावरच्या पेनच्या टोपणाशी खेळत होता, आणि ते टोपण त्याच्या हातातून सारखं निसटत होतं.

“बाबांना हा शब्द सांगायचा नाही,” बाहेर जिन्यात तो मला म्हणाला. “मी सांगू देणार नाही.”

का, ते मला माहीत होतं. त्याच्या थोरल्या काकांना असंच झालं होतं. डॉक्टरनं त्यांना तोंडावर गाठ म्हणून सांगितलं, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. औषध नको, जेवण नको. आजारानं जायला अजून पुष्कळ अवकाश होता, माणूस धसक्यानंच गेला. तेव्हा माझा नवरा नुकता कामाला लागलेला पोरगा होता आणि काकांच्या उशाशी तोच बसायचा. आजही कुणी हातावरची साधी गाठ दाखवली तर हा खोलीतून उठून जातो.

“मग सांगायचं तरी काय? पोट तर कापायचंय,” मी म्हटलं.

“काहीतरी सांगू.”

“खडा म्हणू या,” मी म्हटलं. “मुतखडा. लोकांना होतात की. आणि खड्याला बाबा काय भिणार? जन्म गेला खड्यांत.”

नवऱ्याचा चेहरा जरा उजळला. मलाही वाटलं, काय पण डोकं चाललं माझं! सर्जनला सांगितलं तर त्यानं मान हलवली. “मी होऊन काही बोलणार नाही. पण त्यांनी सरळ विचारलं तर मी खोटंही बोलणार नाही.” म्हणजे डोक्यावर टांगती तलवार होतीच. पण तेवढ्यावर आम्ही घरी आलो.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं स्वयंपाकघरात उभं राहून बहिणीला फोन केला. ती लांब राहते. तिला सगळं खरं खरं आधीच सांगून झालं होतं, आता बाबांसमोर काय बोलायचं ते ठरत होतं. “हो, ताई. खडाच म्हणायचं. काढावाच लागेल. आजूबाजूचंही थोडं कापावं लागेल म्हणतात. नाही, बाबांना आत्ता काही बोलू नकोस. मी बघतो कसं सांगायचं ते. हाय खातील गं ते.” मी भांडी विसळत होते. मागे वळले तर स्वयंपाकघराच्या दारात बाबांचा चहाचा कप. भरलेला, साय धरलेला, जमिनीवर ठेवलेला. बाबा कधी जमिनीवर कप ठेवत नाहीत. मी तो उचलून मोरीत ओतला आणि त्यावर विचार केला नाही. वा रे माझी लसण्याची नजर!

दुसऱ्या दिवसापासून बाबांचं जेवण तुटलं. कामाच्या टेबलाशी बसायचे, पण काम करायचे नाहीत. दोन्ही हात समोर धरून बोटांकडे बघत राहायचे. आम्हाला वाटलं, दुखणं वाढलं. नवऱ्याची झोप उडाली, माझं तोंड सुटलं. काळजी वाटली की माझं तोंड सुटतं, त्याला इलाज नाही. दुधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या नावानं मी खडे फोडले. शेवटी शनिवारी जेवताना नवऱ्यानं धीर केला.

“बाबा, खड्याचं तुमच्या कानावर आलंय का?” त्यानं आपला खडा टाकून पाहिला.

बाबांनी चमचा खाली ठेवला. “आलंय. तू ताईशी बोलत होतास ते ऐकलं मी.”

नवऱ्यानं केवढा सुस्कारा सोडला. “बरं झालं. मला कसं सांगावं तेच सुचत नव्हतं.”

“काढावाच लागेल?”

“हो, बाबा. तसाच ठेवून चालणार नाही. आज ना उद्या त्रास होणारच.”

“हलतोय का?”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मोठी शहाणी ना, म्हटलं, “हलत नाही बाबा, पण बसलाय वाईट जागी म्हणतात.”

“वाईट जागी,” बाबा हळू म्हणाले. “कोण म्हणतं?”

“जाणता माणूस आहे,” नवरा म्हणाला. “त्यानं मशीनवर नीट बघितलंय.”

“आणि काढणार कोण?”

“तोच काढणार, सोमवारी. हात फार हलका आहे म्हणे त्याचा. तुम्ही काळजी करू नका.”

बाबांनी आपला उजवा हात टेबलाखाली नेला. “माझ्या हातात काही राहिलं नाही, असंच ना?”

“बाबा, हे काय तुमच्या हातात असतं का? वय झालं की व्हायचंच असं,” नवरा म्हणाला. आणि तेही किती मायेनं!

बाबा उठले, ताट तसंच ठेवून आपल्या खोलीत गेले. नवरा म्हणाला, “घेतलं तसं शांतपणे.” मीही मान डोलावली. आता सांगताना मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. आम्ही दोघं त्यांच्या पोटातल्या खड्याबद्दल बोलत होतो आणि ते बसले होते गाण्याच्या बाईंच्या अंगठीतला निळा खडा डोळ्यांसमोर धरून. आपण तो वाईट बसवला, बाईंनी तो परत दाखवायला आणला, मुलानं कुणा दुसऱ्या कारागिराला दाखवला, आता तो कारागीर आपलं काम उचकटून खडा काढणार, आणि आपल्याला बातमी कळू नये म्हणून सगळं घर कुजबुजतंय. असं त्यांचं त्यांनी जुळवून टाकलं होतं. आमचं वाक्यन् वाक्य त्यात चपखल बसलं. ‘वय झालं’ तर फारच.

रविवारी मी त्यांना म्हटलं, “बाबा, उद्या सकाळी काही खायचं नाही हं. दवाखान्यात जायचंय.” इतक्या उपाशीपोटी तपासण्या झाल्या होत्या, त्यांतलीच आणखी एक, असं त्यांना वाटलं. “त्याआधी मला एक काम आहे,” ते म्हणाले. मी पिशवी भरत होते. टॉवेल, कपडे, चपला. काय काम म्हणून विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी सकाळी बाबांची खोली रिकामी.

अंथरूण घडी घातलेलं, दार नुसतं लोटलेलं. नवऱ्यानं हाक मारली, मग परत मारली, मग मोरीत, गच्चीवर, जिन्याखाली बघून आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “त्यांना कळलं,” तो म्हणाला. “खरं काय ते कळलं त्यांना. कुणीतरी सांगितलं. तूच काहीतरी बोललीस.”

“मी? मी कशाला बोलू?”

“तुझ्या तोंडाला झाकण नसतं! शेजारणीला बोलली असशील.”

“माझ्या तोंडाचं राहू दे, तू आधी चपला घाल!” मी ओरडले. भांडायची ती वेळ नव्हती, पण ओरडलं की मला जरा धीर येतो. काका भिंतीकडे तोंड करून गेले. बाबा भिंतीकडे तोंड करणारे नाहीत. बाबा उठून चालू लागणारे आहेत. कुठे चालू लागले असतील, त्याचा विचार करवत नव्हता. रस्त्याच्या टोकाला पूल आहे. नवरा त्या पुलाबद्दल एक शब्द बोलला नाही, पण तिकडेच धावत सुटला.

मी दुकानाची मागची खोली उघडली. त्यांचं टेबल बघितलं. झोळी झटकून नीट लावलेली. दिवा बंद. आणि ज्या खिळ्यावर त्यांचं भिंग लटकत असतं तो खिळा रिकामा. बारीक चिमटाही जागेवर नव्हता.

मी तिथेच स्टुलावर बसले. जीव द्यायला निघालेला माणूस भिंग घेऊन जात नाही. भिंग घेतो तो माणूस काहीतरी बघायला गेलेला असतो. काय बघायला? आणि मग तो चहाचा कप आठवला. ‘हलतोय का’ आठवलं. ‘माझ्या हातात काही राहिलं नाही’ आठवलं. शनिवारचं सगळं बोलणं एका दमात उलटं होऊन माझ्या अंगावर आलं. “अरे देवा,” मी मोठ्यानं म्हटलं, “अंगठी!”

गाण्याच्या बाईंचा जिना मी कसा चढले मला माहीत नाही. दार उघडंच होतं. बाई अंगावर शाल ओढून, केस मोकळे, गोंधळलेल्या उभ्या होत्या. “अगं, तुझे सासरे दिवस उजाडायच्या आधीपासून दारात उभे होते,” त्या कुजबुजल्या. “अंगठी द्या म्हणतात. बरी आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत. मला भीती वाटायला लागलीय.”

खिडकीशी बाबा बसले होते. एका डोळ्याला भिंग, चिमट्याच्या टोकानं खडा हळूच दाबून बघत होते. एका बाजूनं, मग दुसऱ्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, “हलत नाही.”

“बाबा.”

“हलत नाहीये गं हा. मी सगळीकडून बघितला. कोंदण घट्ट आहे. रेघसुद्धा होती तेवढीच आहे, पुढे सरकलेली नाही.” त्यांनी भिंग काढलं. डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. “मग काढायचा कशाला? कोण तो हलक्या हाताचा? त्याला इथं आण, माझ्यासमोर बघू दे. मी म्हातारा झालो, कबूल. पण तोंडावर सांगायचं होतं. भातातला खडा काढून टाकावा तसा तुम्ही मला बाजूला काढून टाकला.”

मला रडू फुटलं. “बाबा, हा नाही हो! हा खडा नाही. तुमच्या पोटातला!”

“कसला?”

“मुतखडा! तुमच्या मूत्रपिंडातला. तो काढायचाय आज. दवाखान्यात. आम्ही त्याच्याबद्दल बोलत होतो. अंगठीचं कुणी नावसुद्धा काढलं नव्हतं, बाबा. अंगठीला काय धाड भरलीय!”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग अंगठीकडे. मग त्यांना असं हसू आलं की खुर्ची हलायला लागली. “पोटातला!” ते म्हणाले. “अगं, पोटातला होय! एवढंच ना? मग काढा की! हवे तेवढे काढा!” बाईसुद्धा हसायला लागल्या आणि म्हणाल्या, चहा टाकते, त्यावर मी इतक्या जोरात “नको!” म्हणून किंचाळले की त्या दचकल्याच. बाबांनी तर सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. घशाखाली उतरतच नव्हता म्हणाले.

रिक्षात ते आम्हा दोघांच्या मध्ये बसले होते, लग्नाला निघाल्यासारखे. नवरा पुलावरून परत आलेला, घामानं भिजलेला, माझ्याकडे बघायची लाज वाटत होती त्याला. बाबा सारखे विचारत होते. केवढा आहे? रंग कळतो का मशीनवर? खडबडीत की गुळगुळीत? नवरा उत्तरं देत होता, “असेल वाटाण्याएवढा,” आणि प्रत्येक उत्तराला त्याचा आवाज बसत होता. आणि मला भीती होती ती वेगळीच. आता हे सर्जनला विचारणार. खड्याबद्दल खडानखडा माहिती काढल्याशिवाय हा माणूस कधी राहिलाय?

तसंच झालं. स्ट्रेचरवर झोपवून आत नेत होते, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. “डॉक्टर, एक सांगायचंय. खडा निघाला की फेकू नका. मला बघायचाय. माझा धंदाच तो आहे.”

सर्जननं माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले, छातीशी, बाबांना दिसणार नाहीत असे. त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, “जे निघेल ते सगळं नीट काढू.” खोटं बोलला नाही. देव त्याचं भलं करो.

वाट बघताना नवरा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, बाकं रिकामी असताना. मी बोलत होते, कशाबद्दल ते आता आठवत नाही. शेवटी सर्जन बाहेर आला. गाठ पूर्ण निघाली, माणूस ठीक आहे, कसली होती ते तपासणीनंतर कळेल. नवरा तिथंच गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. जीव अर्धा भांड्यात पडला, अर्धा वरच लटकला.

आणि शुद्धीवर आल्यावर बाबांचा पहिला शब्द काय? “खडा?”

“उद्या दाखवतो, बाबा. धुवायला दिलाय,” नवरा म्हणाला. बाहेर येऊन माझा दंड धरला. “आता काय करायचं?”

काय करायचं म्हणजे? खडा आणायचा. दुसरं काय. नणंदेला फोन केला तर तिकडे पोवळं लालभडक. “तूच सुचवलंस ना खडा? आता तूच बघ! सगळं सुरळीत चाललेलं असताना मिठाचा खडा टाकलास!” मी फोन बंद केला.

दवाखान्याच्या आवारात कुंड्या आहेत, त्यांत वरून बारीक गोटे पसरलेले. सकाळी मी तिथं वाकून खडे उलटे पालटे करत होते आणि पहारेकरी माझ्याकडे संशयानं बघत होता. काळा नको, फार गोल नको, चमक असलेला नको. एक मळकट तपकिरी घेतला, वाटाण्याहून थोडा मोठा. नळाखाली धुतला. नखं घासायच्या कानशीनं थोडा खरवडला, मग वाटलं जास्तच खरवडला. परिचारिकेकडून औषधाची रिकामी बाटली आणि कापूस मागून घेतला. ज्या माणसानं उभं आयुष्य खरा कुठला आणि खोटा कुठला एवढंच बघितलं, त्याच्या हातात मी कुंडीतला गोटा ठेवणार होते. त्याला कळणार. कळलं की तो विचारणार, ‘मग काय होतं?’ आणि मग भिंत. मला ती भिंत दिसत होती, दवाखान्याची, फिकट हिरवी, त्यांच्या खाटेला अगदी लागून.

“आणलास?” बाबांचा आवाज बारीक झाला होता. मी बाटली दिली. पर्समधून त्यांचं भिंग काढून दिलं. आदल्या दिवसापासून ते माझ्याकडेच होतं. नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा. त्यानं लोखंडी दांडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

बाबांनी खडा तळहातावर घेतला. भिंग लावलं. फिरवून बघितला. परत फिरवला. नखानं टोकरला. मग त्यांनी भिंग खाली केलं आणि मुलाकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं, जसं काही खडा तिकडेच होता.

“हाच तो,” ते म्हणाले. “याच्यामुळे केवढा ताप! जा रे, चहा पिऊन ये. तोंड बघ कसं सुकलंय.”

नवऱ्याच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. “आलोच,” म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला.

त्याची पावलं जिन्यात उतरेपर्यंत बाबा थांबले. “लसण्या,” ते म्हणाले, “कुंडीतला ना?”

बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

“नवी कानस वापरलीस. ओरखडे ताजे आहेत.” ते दमले, जरा थांबले. “काय होतं ते मला माहीत आहे. खड्यासाठी कुणी एवढं पोट कापत नाही. काल आत नेतानाच डॉक्टरचं तोंड बघून कळलं मला. सगळं निघालं का?”

“निघालं म्हणाले,” मी कसंबसं म्हटलं. “पुढचं तपासणीनंतर कळेल. बाबा, आम्ही तुमच्यासाठीच...”

“कळतं गं मला. रडू नकोस. आता एक कर. मला कळलंय हे त्याला सांगू नकोस.” त्यांनी दाराकडे बघितलं. “माझ्या भावाच्या उशाशी तोच बसला होता. पोर होतं. तेव्हापासून आतून तडकलेलंय. त्याला वाटू दे, म्हाताऱ्यानं खडाच खरा मानला. नाहीतर हाय खाईल तो.”

तोच शब्द. फोनवर नवऱ्यानं बाबांबद्दल वापरला होता, अगदी तोच.

“खडा खोटा आहे तुझा,” बाबा म्हणाले आणि तो माझ्यासमोर धरला. “पण बसवलायस घट्ट. आता हलू देऊ नकोस.”

जिन्यात पावलं वाजली. मी पदरानं तोंड पुसलं. नवरा आला, चहाचा डाग शर्टावर घेऊन, आणि त्याच्या मागोमाग परिचारिका, बाबांची नाडी बघायला. तिला खाटेवर बाटली आणि भिंग दिसलं, खडा दिसला. “अय्या! हा कुठला खडा, आजोबा?” तिनं सहज विचारलं. तिला बिचारीला काय माहीत.

बाबांनी खडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. पण बघत होते ते मुलाकडे.

“हा?” ते म्हणाले. “हा पोटचा.”

नवरा हसला. कितीतरी दिवसांनी हसला, मोकळेपणानं, लहान पोरासारखा. परिचारिकाही हसली. आणि चादरीखाली बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या अंगठीतला खडा बोटात रुतला. मी तो सोडवून घेतला नाही.